विडी सोडल्याचा एकविसावा दिवस

"तू नक्की काय काम करतोस रे?" असं कुणी विचारलं की सहदेव परब सरळ सांगायचा, "उंदराच्या मेंदूचे काप करतो."

ऐकणारा आधी हसायचा, मग त्याच्या चेहऱ्याकडे बघून गप्प व्हायचा. कारण ते खरंच होतं. मुलुंडच्या एका औषध-संशोधन प्रयोगशाळेत तो अटेंडंट होता. अकरावी पास. लागला तेव्हा पिंजरे धुवायचा. पुढे डॉक्टर अनुपमा मॅडमनी त्याचा हात पाहिला आणि त्याला आपल्या खोलीत ओढलं. मॅडम वयाने त्याच्याहून लहान, पण मेंदूतल्या पेशींवर डॉक्टरेट केलेल्या. उंदराच्या मेंदूत काजूगरासारखा वाकडा एक भाग असतो, तो अलगद सोडवायचा आणि त्याच्या अर्ध्या मिलिमीटरहूनही पातळ चकत्या करायच्या. नव्याने आलेले एम.एस्सी. मुलगे दहातल्या सात चकत्या फाडायचे. सहदेवची दहातली एखादीच जायची.

त्या चकत्या खारट, किंचित गोड पाण्यात ठेवल्या आणि त्या पाण्यातून ऑक्सिजनचे बुडबुडे सोडत राहिलं, तर सहा-सात तास जिवंत राहतात. पहिल्यांदा हे कळलं तेव्हा सहदेवला घरी जाऊन जेवण गेलं नव्हतं. उंदीर मेलेला, आणि त्याच्या मेंदूचा तुकडा बशीत जिवंत! मॅडम काचेची सुई त्यात टेकवायच्या आणि टेबलावरच्या लहान स्पीकरमधून आवाज यायचा, टक्... टक्... टक्. पेशी बोलत असायच्या. हळूहळू त्याला या आवाजाची सवय झाली. इतकी, की नुसतं ऐकून तो सांगायचा, "मॅडम, ही चकती दमली. दुसरी घ्या."

ही गोष्ट १९८६ सालची. सहदेव तेव्हा चौतीस वर्षांचा. नाहूरच्या बैठ्या चाळीत राहायचा, बायको सुलक्षणा आणि वडील काशीराम यांच्यासोबत. काशीरामने परळच्या गिरणीत तीस वर्षं कार्डिंग खात्यात काढली होती. कापूस पिंजून, विंचरून निघतो ते खातं. हवेत सतत तूस. संप झाला, गिरणीने परत बोलावलं नाही, आणि म्हातारा मुलाकडे आला तो छातीत ती सगळी तुसं घेऊनच. चार पावलं चालला की भात्यासारखा वाजायचा.

त्यात विडी. दिवसाला तीस.

दोन खोल्या सोडून दादू राहायचा. काशीरामच्याच गावचा, त्याच गिरणीतला, त्याच खात्यातला. दमाही तसाच. दोघांचा डॉक्टर एक, गोळ्या एक, आणि विडीचं बंडलही बहुतेक वेळा एकच. सकाळी ओट्यावर बसून दोघं आळीपाळीने खोकायचे आणि आळीपाळीने एकमेकांना म्हणायचे, "सोड मेल्या ती विडी."

दोघांचाही दम काही बसेना, म्हणून डॉक्टरांनी दोन वर्षांत गोळ्या वाढवत नेल्या. एकाच्या दोन केल्या, दोन वेळांच्या तीन वेळा.

शेवटी सहदेवने उपाय काढला, आणि तो होता अस्सल कोकणी. गाववाल्यांच्या मंडळाची सत्यनारायणाची पूजा दर जानेवारीत चाळीच्या अंगणात व्हायची. पूजेनंतर गावातला जाणता माणूस नारळ हातात घेऊन गावच्या रामेश्वराला गाऱ्हाणं घालायचा आणि प्रत्येक मागण्याला सगळे एका आवाजात म्हणायचे, "व्हय म्हाराजा!" यंदा सहदेव आदल्या दिवशीच त्या जाणत्याला गुपचूप भेटून आला. वडिलांना पत्ता नाही. पूजेनंतर जाणत्याने नारळ उचलला.

"बा देवा म्हाराजा! ह्यो जो काय काशीराम, तुझो लेकरू, तेचो विडीचो नाद आजपासून सुटू दे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळं अंगण गरजलं.

काशीराम हात जोडून उभा होता. तोंडात सवयीने "व्हय" आलं, आणि "म्हाराजा" म्हणता म्हणता त्याला कळलं की आपण काय कबूल करून बसलो. तो मुलाकडे नुसता बघत राहिला. दादू हसून हसून खोकायला लागला.

"काय रे काश्या, देवान तुका बांधल्यान!"

पण काशीराम शब्दाचा पक्का. त्याच संध्याकाळी त्याने उरलेलं बंडल दादूच्या हातावर ठेवलं. "घे. तू मर."

चाळीत सगळ्यांना वाटलं, चार दिवस टिकेल. चार दिवस गेले, आठ गेले. म्हातारा विडीची तलफ चहावर भागवू लागला. सुलक्षणा म्हणाली, "मामंजी, तुमची विडी सुटली आणि माझा चहाचा डबा रिकामा झाला." दिवसाला आठ-आठ कप व्हायचे.

दुसऱ्या आठवड्यात त्याची झोप उडाली. मग मळमळ सुरू झाली. हात थरथरू लागले, इतके की बशीत ओतलेला चहा ओठांपर्यंत अर्धाच पोचायचा. "काळीज उडता रे," तो म्हणायचा. सहदेव त्याच्या पाठीवरून हात फिरवत सांगायचा, "विडी सुटताना असं होतंच, बाबा. थोडं सोसा." डॉक्टरही तेच म्हणाले. आणि सहदेवला मनातून बरं वाटत होतं. आयुष्यात पहिल्यांदा आपण बापाचं काहीतरी भलं केलं, असं.

एकविसाव्या दिवशी, रविवारी दुपारी, सगळे जेवायला बसले होते. काशीरामने भाताचा घास उचलला आणि हात मध्येच थांबला. सहदेवला वाटलं, काही आठवलं असेल. मग त्या हाताला एक हिसका बसला. दुसरा बसला. भात भिंतीवर उडाला. म्हाताऱ्याचे डोळे वर गेले, जबडा आवळला, आणि अख्खा देह ताटावर आडवा होऊन लाकडासारखा ताठ झाला, मग थडाथडा उडू लागला. ताट घरंगळत दारापर्यंत गेलं. सुलक्षणाने किंकाळी फोडली. सहदेव जागचा हललाच नाही. रोज मेंदू हाताळणारा माणूस, आणि समोर बापाला काय होतंय हे बघून त्याला स्वतःचं नावही आठवेना.

दादू धावत आला. त्याने कांदा फोडून काशीरामच्या नाकाशी धरला. दीड-दोन मिनिटांनी शरीर सैल पडलं. तोंडातून फेस, जीभ चावलेली. दादूचा चेहरा पांढराफटक झाला होता. तो दबक्या आवाजात म्हणाला, "ओढल्यान. चोरून ओढल्यान ह्येना. देवाक फसवल्यान, आणि देवान धरल्यान."

"काहीतरीच काय बोलता दादूकाका," सुलक्षणा म्हणाली.

डॉक्टर येऊन गेले, फिटचं औषध देऊन गेले, दम्याच्या गोळ्या चुकवू नका म्हणाले. ते गेल्यावर सहदेवने वडिलांची ट्रंक उघडली. कपडे झटकले. कोटाचे खिसे उलटे केले. मोरीमागची फट पाहिली. मग ब्लेड घेऊन त्याने वडिलांची उशी उसवली आणि कापसात हात घातला.

"झिला, काय शोधतंस?" काशीराम डोळे उघडून बघत होता.

"काय नाय."

"विडी शोधतंस." त्याचा आवाज जड, जिभेला सूज. "मी ओढूक नाय रे. सगळ्यांसमोर व्हय म्हाराजा म्हटलंय."

"मग हे कशाने झालं, बाबा?"

म्हाताऱ्याने भिंतीकडे तोंड फिरवलं. सोमवारभर तो कुणाशी बोलला नाही. चाळीत मात्र सगळे बोलत होते.

मंगळवारी सहदेव कामावर गेला. चकत्या कापताना त्याचा हात दोनदा चुकला. चकती लागली, सुई टेकली, स्पीकर बोलू लागला. टक्... टक्... टक्.

गेले वर्षभर मॅडमचं काम ॲडिनोसिन नावाच्या एका पदार्थावर चाललं होतं. त्यांनी ते सहदेवला त्याच्याच भाषेत समजावलं होतं. पेशी काम करते, दमते, तेव्हा तिच्याभोवती ॲडिनोसिन साठत जातं. जितकं काम जास्त, तितकं हे जास्त. पेशीच्या अंगावर खुंट्या असतात, त्यांना रिसेप्टर म्हणायचं. ॲडिनोसिन त्या खुंटीवर जाऊन अडकलं की पेशीला ब्रेक लागतो. ती शेजारणीला निरोप कमी पाठवते, आणि शेजारणीने ओरडून सांगितलं तरी सहजासहजी पेटत नाही. सगळा मेंदू एकदम पेटू नये म्हणून केलेली सोय. सहदेवने पाण्यात ॲडिनोसिन टाकताच टकटक मंदावताना शंभरदा ऐकली होती.

"आज उलटं करू," मॅडम म्हणाल्या. "ब्रेक काढून घेऊ. त्या खुंटीवर दुसऱ्याच कुणाचा शर्ट आधीच अडकवून ठेवायचा. ॲडिनोसिनला जागाच नाही. ती तपकिरी बाटली द्या."

सहदेवने बाटली उचलली. सवयीप्रमाणे लेबल मोठ्याने वाचलं. "थिओफिलिन."

नाव कुठेतरी वाचलेलं होतं. कुठे, ते आठवेना.

मॅडमनी ते पाण्यात सोडलं. पाच मिनिटं काहीच नाही. टक्... टक्. मग दोन आवाज जोडीने आले. मग चार. मग फोडणीत मोहरी तडतडावी तसा एक झुबका, शांतता, पुन्हा झुबका. कागदावर रेघ ओढणारं पेन इतका वेळ बारीक थरथरत होतं, ते एकदम या काठापासून त्या काठापर्यंत झोकांड्या खाऊ लागलं. शाई टेबलावर उडाली. बशीत नखाएवढा तुकडा, हातपाय नाहीत, देह नाही, आणि त्याच्यातून हे असं...

सहदेवला भिंतीवर उडालेला भात दिसला.

"मॅडम, याला काय म्हणायचं?"

"फिट," मॅडम कागदावरून नजर न हटवता म्हणाल्या. "या चकतीला फिट आली."

आणि त्या क्षणी त्याला आठवलं, ते नाव त्याने कुठे वाचलं होतं ते. घरच्या फळीवर, रुपेरी पट्टीवर, बारीक इंग्रजी अक्षरांत.

"मॅडम, ही गोळी माझे बाबा घेतात. रविवारी त्यांना फिट आली."

मॅडमनी वळून पाहिलं. "किती घेतात? कधीपासून?"

"दोन गोळ्या, तीन वेळा. दोन वर्षांत वाढवत आणल्या."

"दोन वर्षांत काही झालं नाही, मग आत्ताच कसं? ताप आला होता? नवीन औषध सुरू केलं काही?"

"नवीन काहीच नाही. उलट सोडलंय. तेवीस दिवस झाले, विडी सोडली त्यांनी."

मॅडमच्या हातातली पेन्सिल थांबली. "किती ओढायचे?"

"तीस."

त्या उठल्या, कपाटातून एक जाडजूड नियतकालिक काढलं, उभ्या उभ्याच पानं उलटली. एका ठिकाणी बोट ठेवून दोनदा वाचलं. "सहदेव, नीट ऐका. विडी-सिगरेटच्या धुराने यकृत जास्त जोराने काम करतं. हे औषध ते झपाट्याने मोडून टाकतं. म्हणून विडी ओढणाऱ्याला गोळ्या जास्त लागतात. तुमच्या बाबांना लागू पडत नव्हत्या म्हणून वाढवल्या, हो ना? त्या तीस विड्या धरून वाढवलेल्या. विडी थांबली की आठवड्याभरात यकृत संथ होतं. गोळ्या तेवढ्याच जातात, पण बाहेर पडत नाहीत. साठत जातात. झोप जाते, मळमळतं, हात कापतात, छाती धडधडते..."

"हे सगळं झालं."

"आणि चहा?"

"आठ कप."

"चहातलं कॅफिनही त्याच खुंटीवर बसतं."

सहदेवने टेबलाची कड धरली. स्पीकर अजून तडतडत होता. देवाने नाही, विडीने नाही. विडी सोडल्याने. आणि विडी सोडवली कुणी? गाऱ्हाणं कुणी घालायला लावलं? "सोसा" कोण म्हणालं?

"आजच्या गोळ्या कधी घेतात?" मॅडम विचारत होत्या.

त्याने घड्याळ पाहिलं. सव्वाबारा. काशीराम साडेबाराला जेवायचा, आणि जेवल्या जेवल्या गोळ्या.

मॅडमनी इस्पितळासाठी चिठ्ठी खरडून त्याच्या खिशात कोंबली. तो पांढऱ्या कोटातच सायकलवर बसला. मुलुंड ते नाहूर त्याने कसं कापलं, त्याला पुढे कधीच सांगता आलं नाही. घरात शिरला तेव्हा सुलक्षणा रिकामा पेला घेऊन वडिलांजवळून उठत होती.

"गोळ्या देऊ नकोस!"

"आत्ताच दिल्या." ती त्याच्याकडे बघतच राहिली. "तुम्हीच ओरडता ना, वेळ चुकवू नको म्हणून?"

रिक्षातून काशीरामला घेऊन दोघं मुलुंडच्या इस्पितळात गेली. तिथल्या तरुण डॉक्टरने चिठ्ठी वाचली, परत वाचली, आणि एकदम घाई सुरू झाली. रक्त काढलं. पोटातलं औषध धरून ठेवावं म्हणून कोळशाची काळी पूड पाण्यात कालवून आणली.

"आता कोळसो खाऊक घालतंत?" काशीराम म्हणाला. "रेल्वेचा इंजिन आसंय मी?" आणि मुलाच्या चेहऱ्याकडे बघून मुकाट्याने प्यायला.

चार वाजता दुसरी फिट आली. पहिल्यापेक्षा मोठी. पण या वेळी इंजेक्शनची सुई तयार होती. सहदेव पडद्याबाहेर उभा होता आणि खाटेचा खडखड आवाज ऐकत होता. एकेक झुबका, शांतता, पुन्हा झुबका. त्याला कान झाकावेसे वाटले, पण त्याने झाकले नाहीत.

गोळ्या बंद झाल्या. दोन दिवसांत हात थांबले, तिसऱ्या दिवशी म्हातारा गाढ झोपला. रक्ताचा नमुना मॅडमनी आपल्या प्रयोगशाळेतल्या यंत्रावर तपासून घेतला. शुक्रवारी त्यांनी सहदेवला आकडा सांगितला. दहा ते वीस असायला हवं होतं. निघालं एक्केचाळीस.

"अजून दोन-तीन दिवस गोळ्या चालू राहिल्या असत्या तर..." त्या म्हणाल्या.

शनिवारी सकाळी काशीराम घरी आला. आता अर्धी गोळी, तीही डॉक्टर नवा हिशोब करतील तशी. सहदेव त्याच्यासमोर बसला आणि त्याने सगळं सांगितलं. खुंटी, शर्ट, यकृत, सगळं.

"म्हंजे विडी सोडली म्हणान माका फिट इली?"

"हो."

"आणि ओढत रवलंय असतंय तर?"

"फिट आली नसती. पण छातीची पार वाट लागली असती, बाबा. सोडली ते बरोबरच केलंत. चुकलं ते आमचं. गोळ्या कमी करायला हव्यात, हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं."

"मगे देवान माका कित्याक धरल्यान?"

"देवाने नाही धरलं. मी धरलं. गाऱ्हाणं मी घालायला लावलं. आणि वर तुमच्यावरच संशय घेतला."

म्हाताऱ्याने उसवलेली उशी पुढे ओढली.

"उशी शिवून दी," काशीराम म्हणाला. "कापूस नाकात जाता." आणि मग थोड्या वेळाने, "त्या दादूक जावन सांग. सगळ्या चाळीत माका खोटो ठरवल्यान तेना. सांग तेका, काशीरामान देवाक फसवूक नाय."

"सांगतो ना. हा चहा झाला की जातो."

सुलक्षणा चुलीशी होती. ती हसून म्हणाली, "दादूकाका तर तुमच्याहून पक्के झाले, मामंजी. त्या रविवारी तुम्हाला तसं बघितलं ना, तेव्हाच घाबरून सगळी बंडलं गटारात टाकली. तुमचं पण आणि त्यांचं पण. म्हणाले, आता देव मलाही धरेल. सहा दिवस झाले, विडीला हात लावलेला नाही."

सहदेवच्या हातातला कप खाली आदळला.

तो दोन खोल्या पार करून दादूच्या दारात पोचला. दादू स्टोव्हपुढे उकिडवा बसला होता. काडी ओढत होता, ती मोडत होती. त्याच्या पायाशी मोडलेल्या काड्यांचा ढीग पडला होता.

"ये रे सहदेवा," तो ओशाळं हसला. "झोप नाय दोन दिस. पोटात ढवळता, काळीज नुसता उडता. विडी सुटताना असा होताच, नाय?"

"दम्याच्या गोळ्या घेता ना अजून?"

"घेतंय तर! काश्याक डॉक्टरान सांगितल्यान ना, चुकवू नको म्हणान. आज तर दम लागल्यासारखो वाटलो, म्हणान वाढवन घेतलंय."

"किती घेतल्या, काका? आज सकाळपासून किती?"

दादूने उत्तरासाठी हात वर केला आणि बोटं उघडली. ती बोटं इतकी थरथरत होती की सहदेवला मोजताच येईनात.

"सुलक्षणा!" तो दारातूनच ओरडला. "रिक्षा! धाव, रिक्षा आण!"